नंदोईंचा कोरा स्टो

बुऱ्हाणपुरात पहिला रेडिओ कोणी आणला आणि पहिला स्टो कोणी पेटवला ते मला ठाऊक नाही. पण सगळं काही आणून त्यातलं काहीच न वापरलेला माणूस अख्ख्या तापीकाठी एकच झाला, आणि ते आमचे नंदोई, म्हणजे माझ्या थोरल्या नणंदेचे मालक. राजघाटाकडे उतरणाऱ्या गल्लीत त्यांचं घर आणि नदीपल्याड केळीचा मळा. केळीचा वॅगन भरून गेला की ते खंडव्याला नाही तर मुंबईला जायचे आणि येताना एक नवीन चीज घेऊन यायचे. तेव्हा तसा जमानाच आला होता. आमचा जन्म चूल, कंदील आणि जात्यावर गेलेला, आणि आता बघता बघता बॅटरी आली, गजराचं घड्याळ आलं, पितळेचा स्टो आला, शिवणाची मशीन आली, रेडिओ आला. ज्याच्या घरी रेडिओ त्याच्या ओट्यावर माणसं, आणि जिच्या घरी स्टो तिचे हात गोरे, असं बायका बोलायच्या. माझ्या नणंदेच्या घरी दोन्ही होतं, पण ओटा रिकामा आणि तिचे हात माझ्याइतकेच काळे.

कारण नंदोईंचं म्हणणं असं होतं की देवानं माणसाला जसे श्वास मोजून दिलेत तसे वस्तूलाही दिलेत. वापरलं की त्यातले कमी होतात. म्हणून त्यांनी प्रत्येक वस्तूला खोळ शिवून घेतली होती, तीही हातानं, कारण मशीन झिजेल. घड्याळाला चावी देत नसत. ते जेवायच्या वेळेवर थांबलेलं होतं, त्यामुळं त्यांच्या घरी कधीही जा, घड्याळात जेवायची वेळ झालेली असायची, आणि नणंद बिचारी त्यावर विश्वास ठेवून आल्यागेल्याला ताट वाढायची. मळ्यात अंधारात जायचं झालं तर एका हातात कंदील आणि बॅटरी बंडीच्या खिशात. एकदा वाऱ्यानं कंदील विझला, तर हा माणूस खिशात बॅटरी असून चाचपडत आला आणि पाटाच्या खड्ड्यात पडला. पाय सुजून खांबासारखा झाला. आम्ही बघायला गेलो तर खाटेवरून पहिली गोष्ट सांगितली ती ही, की बॅटरीला बिलकुल काही झालं नाही.

रेडिओचं तर विचारूच नका. तेव्हा राज्यं मोडून नवी राज्यं बनत होती. आमची सरकार आजवर नागपूरची, आता ती राहते की जाते, आपण मराठी मुलखात पडतो की दुसरीकडे, याचीच बात गल्लोगल्ली. एकदा बातम्यांच्या वेळी लोक त्यांच्या ओट्यावर येऊन बसले. नंदोईंनी पाय धुतले, खोळ काढली, बटण फिरवलं. डब्बा गरम व्हायलाच वेळ लागायचा. तो गरम झाला, कोणीतरी आत खाकरलं, बाई की माणूस ते कळेपर्यंत नंदोईंनी बटण बंद केलं आणि म्हणाले, आज इतकं बस, बाकीचं उद्या ऐकू. आपली सरकार आता भोपाळची झाली, हे रेडिओवाल्या घराला दळणाच्या गिरणीवर कळलं.

खंडेनवमीला मात्र सगळ्या खोळी निघायच्या. विळा, कुदळ, पहार यांच्या रांगेत घड्याळ, बॅटरी, मशीन, स्टो, रेडिओ मांडायचे. नंदोई सोवळं नेसून एकेकाला हळदकुंकू लावायचे, अक्षता टाकायचे, झेंडू वाहायचे. स्टोवर जास्त जीव. त्याच्या डोक्यावर चिमूटभर जास्तच कुंकू पडायचं.

आता माझ्या घराचं सांगते. माझे मालक जिनमध्ये कामाला होते. कापसाचा भुगा छातीत बसला आणि माणूस खोकायला लागला तो थांबेना. डॉक्टरनं सांगितलं की याच्याजवळ धूर येऊ देऊ नका, धूर याला घेऊन जाईल. आमची एकच खोली. मी चूल बाहेर नेली, ओट्याच्या कडेला, आणि उन्हात, थंडीत तिथंच रांधलं. पण भादव्यात झड लागली. आठवडा झाला तरी उघडेना, बाहेर विस्तव टिकेना. आत पेटवून बघितलं, तर भाकर उलटेपर्यंत यांचा जीव उलटायची वेळ आली. मी पाणी ओतून चूल विझवली. मग शेजारणीकडून भाकरी आणायची आणि ती गार झालेली यांना ताकात कुस्करून द्यायची. आजारी माणसाच्या पोटात गरम काही जाईना. अंग वाळत चाललं.

मी स्टो मागितला नाही. मागायची सवय नव्हती. नणंदेनं आपल्या मालकाजवळ विषय काढला, तर ते म्हणाले, तो अजून कोरा आहे. त्यानंतर ती त्यांच्याशी बोलेनाशी झाली. ताट सरकवायची आणि भिंतीकडे बघायची.

एक दिवस नंदोई भर पावसात आमच्याकडे आले. मी पदर घेऊन कोपऱ्यात तिरपी बसले. यांना खोकल्याची उबळ आली ती त्यांनी सगळी बघितली. विझलेली चूल बघितली. आणि तसेच उठून गेले. मला वाटलं, रोगाला भ्याले. तर थोड्या वेळानं परत आले, अंगावरची गोणपाटाची खोळ काढून ती स्टोला गुंडाळलेली आणि स्वतः नखशिखांत भिजलेले.

स्टो मांडला, घासलेट ओतलं, काकडा पेटवला, पंप मारला. काही नाही. पुन्हा मारला. स्टो हूं की चूं करेना. सांभाळायचा कसा ते त्यांना माहीत, पेटवायचा कसा ते ठाऊकच नाही. शेवटी मीच स्टोबरोबरची पिन घेतली आणि वरच्या बारीक भोकात घातली, तर आतून लाल चिखल निघाला. इतक्या खंडेनवम्यांचं कुंकू त्याच्या गळ्यात साचलं होतं. मी पिन मारत गेले, कुंकू निघत गेलं, एक अक्षतसुद्धा निघाली. मग एकदम भडका झाला तो आढ्याला गेला आणि नंदोईंची उजवी भुवई घेऊन खाली आला.

आमचे मालक हसायला लागले. किती महिन्यांत हसले नव्हते. हसता हसता खोकले, तरी हसायचे थांबेनात.

त्या दिवशी मी यांना गरम भात घातला, वर तूप. खोलीत धूर नव्हता, घासलेटचा वास तेवढा होता. दुसऱ्या दिवसापासून नंदोई रोज सकाळी यायचे, स्टो स्वतः पेटवायचे, माझ्यावर भरवसा नाही. तेल भरायचे, वायसर बदलायचे, काळा झाला तरी पुसायचे नाहीत. भरभर आवाज सुरू झाला की भिंतीला टेकून बसायचे. त्या खंडेनवमीला त्यांच्या रांगेत स्टो नव्हता. तो आमच्याकडे होता, त्याच्यावर खीर होती. नणंद पुन्हा त्यांच्याशी बोलायला लागली होती, पहिलं वाक्य भुवईबद्दलच होतं म्हणे.

एकदा पडल्या पडल्या हे म्हणाले, "दाजी, तुमच्या स्टोचे श्वास माझ्यापायी खर्च होऊन राहिले."

नंदोईंनी पंप मारायचा थांबवला नाही. "तुझे वाचू राहिले ना," ते म्हणाले. "बस."

वाचले तेवढे वाचले. झड गेली, थंडी निघाली, होळीच्या गाठ्याही खाल्ल्या यांनी. चैत्रात गेले. फार त्रास न होता गेले, एवढं मी धरून आहे.

तेरावं झाल्यावर नंदोई आले. मी स्टो राखेनं आणि चिंचेनं घासून दारापाशी काढून ठेवला होता. पितळ पुन्हा उजळलं होतं, पण डोक्याची जाळी जळून वाकली होती, ती मला सरळ करता आली नाही. मी सांगितलं, आता चूल आत पेटवली तरी चालतं, धुराचं कोणाला काही नाही, तुमची चीज घेऊन जा.

ते उंबऱ्यावर बसले. स्टो जवळ ओढला, हलवून तेल किती आहे ते बघितलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाई, धूर तुमच्याही डोळ्यांना लागतच असेल ना."

लग्न होऊन आल्यापासून चुलीपुढं बसले, पण माझ्या डोळ्यांचं कोणी विचारलं नव्हतं. मी पण नाही. त्यांनी काकडा लावला, पंप मारला, आणि वर चहाचं आधण ठेवलं. पाणी उकळायला लागलं तशी मी साखर काढायला उठले.