न मिटणाऱ्या तोंडाचा मासा

आधी सरळ सांगते. दोन वेगळ्या जातींचे मासे घरच्या टाकीत एकत्र सोडून त्यांची पिल्लं काढणं चूक आहे. हे मी पत्रकात लिहिलं, छापलं, वाटलं, आणि आजही त्यातला एक शब्द मागे घेणार नाही. पण पत्रकात जे आलं नाही ते डोक्यात फिरत बसलंय, म्हणून हे लिहितेय.

साड्यांच्या या गुजराती शहरात मी डिंडोलीत राहते, वरच्या मजल्यावरच्या खोलीत, एकटी. वडिलांना कापडाच्या लूमवर उभं राहणं झेपेना तेव्हा आईवडील धुळ्याकडे गावी परत गेले. मी इथेच जन्मले, इथेच शिकले, मी कुठे जाणार? मार्केटमध्ये एका ऑफिसात साड्यांची पार्सलं कुठल्या गावी जाणार ते कॉम्प्युटरवर चढवते. रविवारी प्राण्यांसाठी काम करणाऱ्या एका गटात जाते. उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांत, मांज्यात अडकलेली कबुतरं सोडवण्यापासून माझी तिथे सुरुवात झाली. गटात बहुतेक गुजराती, दोघं-तिघं हिंदीवाले. डिंडोली-गोडादऱ्यात वाटायला मराठी पत्रक हवं असलं की सगळ्यांना माझी आठवण येते. एरवी नाही येत.

पत्रक लिहायला मला तिथेच शिकवलं. एक फोटो, तीन प्रश्न, शेवटी एक काम. आणि चूक करणाऱ्याची बाजू मांडायची नाही. बाजू मांडली की वाचणारा तिच्या आडून निसटतो.

खालच्या मजल्यावर मावशी. सख्खी नव्हे, पण आईवडील गेल्यापासून माझं संध्याकाळचं जेवण बहुतेक तिच्याच ओट्याशी व्हायचं. तिचे यजमान हजीऱ्याला कंपनीत कंत्राटावर. घरी येतात ते झोपायला. दोन्ही मुली लग्न होऊन गेलेल्या. मावशी दिवसभर साड्यांना लेस आणि खडे लावते. तिला काम देणाऱ्या शेठने दुकान हलवलं तेव्हा काउंटरवरची काचेची टाकी माशासकट तिला देऊन टाकली. हा मासा बरकत आणतो असं शेठला कुणीतरी सांगितलं होतं.

"आणली का बरकत?" मी विचारलं.

"आणली असती तर मला दिला असता का?" मावशी म्हणाली.

तो पॅरट मासा होता. केशरी, गुबगुबीत, बघताक्षणी हसू यावं असा. नंतर त्याचं तोंड दिसतं. तोंड म्हणजे एक चीर, नीट मिटतच नाही. दाणा आत घेतला की निम्मा बाहेर. हा मासा कुठल्याच नदीत नाही. माणसांनी दोन जाती मिसळून तो बनवला, आणि तोंड बिघडलं तरी गोड दिसतो म्हणून बनवत राहिले. मी हे मावशीला तावातावाने सांगितलं. ती दाणा चिमटीत चुरत होती. "म्हणून तर बारीक करून देते," म्हणाली.

मासा म्हणजे मादी होती. टाकीत फरशीचा एक तुकडा होता, त्यावर तिने अंडी घातली. मग तिथून हलेना. पंखांनी वारा घालायची, काचेपाशी बोट नेलं तर अंगावर यायची. तीन-चार दिवसांत अंडी पांढरी पडली, बुरशी धरली, तरी ती वारा घालतच होती. थोड्या दिवसांनी पुन्हा अंडी, पुन्हा तेच. मावशी हातातली साडी मांडीवर ठेवून बघत बसायची. मीही बसायचे. खरं सांगायचं तर माझे ते चांगले दिवस होते.

एके दिवशी ऑफिसातून आले तर टाकीत काळ्या पट्ट्यांचा एक लहानसा मासा. नर. निराळ्या जातीचा. दुकानदाराने सांगितलं होतं म्हणे, याच्याबरोबर पिल्लं होतात.

"मावशी, हे काय केलंत? दोन जाती मिसळून बिघडवून झाल्या, आता तिसरी घालणार त्यात?"

"ती वेड्यासारखी रिकाम्या अंड्यांवर बसते. तुला बघवतं?"

"नाही बघवत म्हणून लुळी पिल्लं काढायची? ती त्यांनी भोगायची?"

मावशी चिडली की अहिराणीत येते. "तुले काय समजस व माय! पोरं आहेत का तुला?"

"तुम्हाला आहेत ना दोन? किती वेळा येतात?"

हे मी बोलले. मावशीने वाटीत भाजी वाढली, माझ्यापुढे सरकवली आणि लेस घेऊन बसली.

पिल्लं झाली. पहिल्या आठवड्यात धुळीसारखी होती, मग आकार दिसू लागले. काहींचा कणा वाकडा. काहींचं तोंड उघडतच नव्हतं. ती दाण्यावर जायची, नाक आपटायची, परत जायची. रोज दोन-चार तळाशी पडलेली दिसायची. मला संताप यायचा, आणि मावशीवर नाही तर कुणावर काढणार? मी फोन काढला आणि वाकड्या पिल्लांचे फोटो घेतले. मावशी म्हणाली, "माझ्या पोरींना पण पाठव."

पत्रक एका बैठकीत लिहून झालं. ज्याला तोंड मिटता येत नाही असा जीव जन्माला घालायचा हक्क तुम्हाला कुणी दिला? उपाशी मरणाऱ्या पिल्लांकडे बघून तुमची करमणूक होते का? वेगळ्या जातींची जोडी लावणारा दुकानदार तुमच्या पिल्लांना सांभाळायला येणार आहे का? शेवटचं काम: अशी जोडी आजच तोडा. गटात सगळ्यांनी फोनवर शाबासकीचे अंगठे पाठवले. एकाने लिहिलं, "जोरदार, बेन!" तू कशी आहेस, हे कुणी विचारलं नाही, विचारायचं कारणही नव्हतं म्हणा.

गोडादऱ्यात वाटून झाल्यावर उरलेली पत्रकं मी आमच्या गल्लीत दिली. घर ओळखू येईल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. नाव नव्हतं, पत्ता नव्हता. पण फोटोत टाकीमागे मोरपंखी लेसची रिळं होती आणि खड्यांचा पत्र्याचा डबा होता. गल्लीतल्या अर्ध्या बायका तसलंच काम करतात. कुणाकडे कुठला माल चाललाय हे त्यांना पाठ असतं. दुसऱ्या दिवशी काम घ्यायला मावशी रांगेत उभी होती, मी तिच्या पिशव्या धरायला सोबत होते. पुढची एक जण वळून म्हणाली, "मावशी, फोटो छापून आला की तुमच्या घराचा! उपाशी मारता म्हणे पोरं?"

सगळ्या हसल्या. मावशीने पत्रक मागून घेतलं, सगळं वाचलं, घडी घालून परत दिलं. घरापर्यंत पिशव्या तिनेच उचलल्या.

जिन्यापाशी ती एवढंच बोलली, "सगळं खरं लिहिलंस. मी उकडलेल्या अंड्याचा बलक जॉर्जेटच्या चिंधीतून गाळून, थेंबाथेंबाने त्यांच्या तोंडापाशी सोडत होते. दिवसातून सहा वेळा. तू समोर बसून बघायचीस. ते नाही लिहिलंस."

नाही लिहिलं. बाजू मांडायची नाही, हे मला नीट शिकवलं होतं. पण शिकवणाऱ्यांवर कशाला ढकलू? ते वाक्य माझ्या मनात आलं होतं आणि मीच ते गाळलं, कारण त्याने पत्रकाचा जोर गेला असता.

त्यानंतर बारा-तेरा दिवस मी वर एकटीच जेवले. खिचडी, नाहीतर नाक्यावरची पावभाजी. पातेल्यातूनच खायचे, एका माणसासाठी ताट कशाला भरायचं. मग एका रविवारी गटाला दांडी मारली आणि खाली गेले.

मावशी साडीला लेस लावत होती. टाकीत नर नव्हता. दुकानात परत देऊन आली होती. पत्रकात मी सांगितलेलं काम तिने केलं होतं, गल्लीत तेवढं तिनेच.

"पिल्लं?"

"एक राहिलंय."

मी पुढे वाकले.

"फोटो नको काढू."

"फोन वर ठेवून आलेय, मावशी."

बोटाच्या पेरापेक्षा लहान, फिकट, पट्टे अर्धेच उमटलेले. तोंड जरासं वाकडं, पण खात होतं. मी म्हटलं, "मावशी, फोटो तसा द्यायला नको होता. ते चुकलं माझं. पण लिहिलं ते बरोबर होतं."

"असेल बरोबर," ती म्हणाली. सुईत दोरा ओवेपर्यंत थांबली. "मग आता खाली कशाला आलीस?"

उत्तर मला माहीत होतं. या अख्ख्या शहरात संध्याकाळी मी जेवले का, हे विचारणारं दुसरं कुणी नाही. एवढंच बोलायचं होतं. शंभर माणसांसमोर माईकवर बोलते मी, चौकात उभी राहून भांडते. मावशीपुढे मात्र तोंड उघडलं आणि म्हणाले, "वर पाणी येत नाहीये. मोटर लावता का?"

"लावते," मावशी म्हणाली, आणि उठली.