कोलशेतच्या मावशींचं सी-थ्री

खुर्चीत बसल्या बसल्या मावशी लुगडं जरा वर सरकवायच्या आणि नडगीवर अंगठा दाबून धरायच्या. अंगठा उचलला की तिथं खळगा राहायचा. "बघ गो बाय, भरतंय का," म्हणायच्या. तो भरेपर्यंत रक्तासाठी दंड पुढे करायच्या नाहीत.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस नौपाड्यात मासळी घेतली असेल, तर तुम्हीही त्यांना पाहिलं असेल. कोलशेतहून येणाऱ्या, उंच, दोन्ही गालांवर तांबडे चट्टे. उन्हानं रापल्यात असंच सगळ्यांना वाटायचं. मीही त्यांच्याकडून बोंबील घ्यायचे आणि तसंच समजायचे. पुढे मी बाजारामागच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला लागले आणि त्या रक्त द्यायला आल्या, तेव्हा कळलं, ते चट्टे ल्युपस नावाच्या आजाराचे होते आणि तो मूत्रपिंडांत उतरला होता.

दर महिन्याला त्यांचं सी-थ्री तपासायचं असे. नमुना बर्फाच्या फ्लास्कमधून मुंबईला जायचा, रिपोर्ट आठवड्यानं यायचा. "ह्या सी-थ्री हाय तरी काय?" त्यांनी एकदा विचारलं. आमच्या लॅबच्या डॉक्टरांनी मला सांगितलं होतं तेच मी सांगितलं. रक्तात काही प्रथिनं असतात, जंतू आले की त्यांना मारायला मदत करतात. तुमच्या अंगात ती तुमच्याच मूत्रपिंडांवर तुटून पडतात आणि तिथंच खर्ची पडतात. म्हणून रक्तात कमी सापडली की समजायचं, आत दुखणं पेटलंय.

मावशी विचारात पडल्या. "म्हंजे माजीच मानसं मनाच मारतान?"

"तसंच काहीसं."

"मंग आमच्या घरासारकाच झाला!" आणि खदखदून हसल्या.

गोळ्यांनी सूज उतरली, पण चेहरा गोल गरगरीत झाला. बाजारातल्या बायका चिडवायच्या. मावशी वरवर हसून घ्यायच्या. मला मात्र हळूच म्हणाल्या होत्या, "आरशान बगाला नको वाटतंय."

मुलीचा साखरपुडा ठरला, त्या महिन्यात त्या आल्या तेव्हा चेहऱ्याचा गोलपणा ओसरलेला, चेहरा पूर्वीसारखा. नडगीवर अंगठा दाबला, खळगा पडलाच नाही. "बघितलास? बरी झाले मी." गोळ्या बंद केल्याचं नंतर ओघात बोलून गेल्या.

रिपोर्ट आला, मावशी न्यायला आल्या. सी-थ्री आदल्या महिन्याच्या निम्म्यावर.

"मावशी, आजच डॉक्टरांकडे जा."

"अगो, मना काय झालाय? बघ ना माज्याकडं. साकरपुडा होवदे, मंग जाते."

त्या खरंच छान दिसत होत्या. त्यांच्या डॉक्टरांना मी स्वतः कळवू शकले असते. फोन समोरच होता. पण इतक्या हिंडत्याफिरत्या बाईचं आठ-दहा दिवसांत काय बिघडणार, असं मलाही वाटलं. कागद एक सांगत होता आणि मी त्यांच्या चेहऱ्यावर विश्वास ठेवला.

साखरपुडा झाला. रिपोर्टपासून नवव्या दिवशी त्यांना धाप लागली, लघवी बंद झाली. मुंबईला नेलं, दोनदा डायलिसिस केलं. मला हे बाजारातल्या बायकांकडून कळलं, त्या गेल्याचंसुद्धा.

दोन-अडीच महिन्यांनी मुलगी लॅबमध्ये आली. आता बाजारात आईच्या जागेवर तीच बसायची. आल्या आल्या बाही वर केली.

"माजा पन तपासा. आयचा कमी व्हता ना, त्याच."

रक्त घेताना मला तिच्याकडे बघवेना. न केलेल्या फोनचं तिला सांगावं, असं दोनदा ओठांवर आलं. सांगितलं नाही.

आठवड्यानं रिपोर्ट न्यायला आली. मी वाचून दाखवला. सगळं ठीक होतं, सी-थ्रीही व्यवस्थित. सुटकेनं हसेल असं वाटलं होतं. ती कागदाकडे बघत राहिली.

"मंग आयचाच का कमी झाला?"

"नाही माहीत गं. डॉक्टरांनाही नसतं माहीत."

तिनं मान हलवली, कागदाची घडी घातली, दाराबाहेर ठेवलेली पाटी डोक्यावर घेऊन गेली. लॅबच्या खिडकीतून बाजार ऐकू यायचा. थोड्या वेळानं बायकांच्या हाका सुरू झाल्या. मी कान देऊन ऐकत होते. तिची हाक त्यांत नव्हती. गिऱ्हाइकाला हाक मारायला ती अजून लाजत होती.