नवव्या पाटीवरचे मीठ

शिपाई हिराजीने हुकूम मोडला का, या एकाच प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी हे लिहीत आहे. चौकशीच्या कागदावर उत्तर आहे: मोडला. त्या कागदावर साक्षीदार म्हणून पहिली सही माझी आहे. तेव्हा उत्तर तपासण्याची जबाबदारीही माझीच.

प्रथम खेळ समजून घ्यावा लागेल, कारण वाचकांपैकी पुष्कळांनी तो पाहिलेला नसेल. आट्यापाट्या. जमिनीवर एकामागे एक नऊ आडव्या पाट्या आखतात. पाटी म्हणजे वीतभर रुंदीचा उथळ चर. दोन पाट्यांमध्ये सुमारे अकरा फूट अंतर. नऊही पाट्यांना मधोमध छेदणारी एक उभी पाटी, तिला सूरपाटी म्हणतात. एका संघाचे गडी पाट्या धरतात आणि दुसऱ्या संघाचे गडी त्या ओलांडतात. धरणाऱ्याने आपल्या पाटीतून पाय बाहेर काढायचा नाही, फक्त हाताने शिवायचे. सूरपाटी धरणारा गडी मात्र मैदानभर पुढे-मागे धावू शकतो. चेंडू नाही, काठी नाही, ढाल-चषक नाही. हुलकावणी हेच एकमेव हत्यार.

भाईंदरजवळच्या मोरवा गावी या खेळात एक भर होती. गाव मिठागरांचे. नवव्या पाटीपलीकडे करवंटीत मीठ ठेवीत. नऊ पाट्या फोडून तिथवर पोहोचलेल्या गड्याने मूठभर मीठ उचलायचे आणि त्याच नऊ पाट्या ओलांडून माघारी यायचे. मुठीतले मीठ पहिल्या पाटीबाहेर आणून दाखवले, की ‘लोण’ झाले. नुसते पोहोचणाऱ्याला गुण नसे. गावातले म्हातारे म्हणत, गेला तो पाहुणा, आला तो गडी.

महायुद्धापूर्वी मी भाईंदरला शाळामास्तर होतो. हिराजी मोरव्याचा, मिठागरावर फावडे मारणारा. सकाळी कामाला लागण्याआधी तो आगराच्या बांधावर एकटाच सराव करी. सूर्य पाठीशी घेई आणि समोर पडलेल्या स्वतःच्या सावलीला हुलकावणी देण्याचा प्रयत्न करी. सावली फसत नाही हे मी त्याला शिक्षकाच्या सवयीने समजावून सांगितले. तो म्हणाला, म्हणूनच तिच्याशी खेळतो. खाडीच्या चिखलात निवटी नावाचा एक मासा असतो. तो मान एकीकडे वळवतो आणि उडी दुसरीकडे मारतो. हिराजी त्या निवट्या तासन्‌तास पाहत बसे.

कुस्ती का खेळत नाहीस, असे मी त्याला एकदा विचारले. कुस्तीत नाव होते, नारळ मिळतो, चारचौघांत मान मिळतो.

“कुस्तीत मानूस पारायचा असतो, मास्तर,” तो म्हणाला. “हितं कुनाला पारायचं न्हाय. निस्तं सुटायचं.”

उत्तनजवळच्या चौक गावचा इनास हा त्याचा प्रतिस्पर्धी. ख्रिस्ती कोळी घरातला, लांब हातांचा, चौकच्या संघात सूरपाटी धरणारा. मोरवा आणि चौक यांचे सामने दर वर्षी होत. प्रेक्षक म्हणजे जाळी विणणारे दहा-बारा म्हातारे आणि टोपल्या उतरवून घटकाभर टेकलेल्या बायका. एवढ्यांसाठी हे दोघे वर्षभर तयारी करीत. इतक्या सामन्यांत इनासचा हात हिराजीला एकदाही लागला नव्हता.

“एक दिस तुला शिवल्याबिगर मरनार न्हाय,” इनास म्हणे.

“मंग लय जगशील तू,” हिराजी म्हणे.

युद्धाच्या चौथ्या वर्षी आम्ही तिघेही एकाच प्लॅटूनमध्ये होतो. किनाऱ्याच्या रक्षणासाठी उभारलेली गॅरिसन कंपनी, आमचे लष्करी ठाणे चौक गावच्या टेकडीवर. मी प्लॅटून हवालदार, इनास ब्रेनगनचा नंबर वन, म्हणजे ती चालवणारा, हिराजी रायफलमन. दिनक्रम असा: ०५३० रिव्हेली, म्हणजे उठण्याचा बिगूल, ०६०० पीटी, ०८०० शस्त्रसफाई, त्यानंतर पाळीपाळीने समुद्रावर नजर. समुद्रातून कोणी आले नाही. आठ महिने आम्ही गलबते मोजली.

कंपनीत हॉकीच्या स्टिका आणि मुष्टियुद्धाचे हातमोजे होते. आट्यापाट्यांचा खेळ कंपनी कमांडर कॅप्टनसाहेबांनी एकदा पाहिला आणि सुभेदारसाहेबांना विचारले, की ही मोठी माणसे मुलांसारखी पळतात का? सुभेदारसाहेब हसले. रविवारी दुपारी ठाण्यामागे हिराजी आणि इनास तरीही खेळत. अन्य शिपाई पत्ते खेळत. हिराजीला त्याचे वाईट वाटलेले मी कधी पाहिले नाही. पाहणारा नसला तरी पाटी पाटीच असते, असे तो म्हणे.

मग कंपनी आघाडीवर जाणार अशी वार्ता आली आणि वरून आदेश आला: प्रत्येक शिपायाला खऱ्या गोळीबाराची सवय करून द्यावी. याला बॅटल इनॉक्युलेशन म्हणत. जवानाच्या डोक्यावरून खऱ्या गोळ्या जातात, म्हणजे युद्धात तो आवाजाने गांगरत नाही. मैदान आखण्याचे काम कॅप्टनसाहेबांनी मला दिले, कारण मी मोजमापाचा माणूस होतो.

चौकच्या खालच्या सपाट पुळणीवर ओहोटीची जागा मी निवडली. आडवे चर खणायचे होते. किती आणि किती अंतरावर, हे आदेशात नव्हते. मी नऊ खणले. अंतर अकरा फूट ठेवले. चर माणूस पालथा मावेल एवढे रुंद केले. जवानांना हे मैदान ओळखीचे वाटावे, असा माझा हेतू होता.

पद्धत अशी. ब्रेनगन तिपाईवर फिक्स्ड लाइनला बांधलेली. नळी डावी-उजवी होऊ नये म्हणून दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकलेल्या. गोळ्या चरांवरून कंबरेच्या उंचीने जाणार. माझे लाल निशाण खाली आले की इनासने फैर सोडायची, वर गेले की थांबवायची. शिपायाने शिटी वाजताच चरात पडायचे. फैर थांबल्यावर उठून पुढच्या चराकडे धावायचे. नववा चर ओलांडला की उजवीकडे वळून बांधामागे जायचे. तो बाहेर पडला की एक लांब फैर, पुढच्या शिपायाच्या कानांसाठी. ही शेवटची फैर रिकाम्या मैदानावरून जाणार होती. इनासने फक्त निशाणाकडे पाहायचे. मैदानाकडे पाहण्यास त्याला मनाई होती, कारण मैदानाकडे पाहणारा गनर निशाण चुकवतो. हा नियम माझा. नियम बरोबर होता.

आदल्या दिवशी गोळीबाराविना दोन वेळा तालीम घेतली. सर्वजण उजवीकडे वळले. हिराजीही वळला.

दुसऱ्या दिवशी ०७०० वाजता फॉल-इन झाले. देशावरून आलेल्या नव्या जवानांचे चेहरे उतरले होते. एकाला उलटी झाली. सुरुवात कोण करणार, असे मी विचारले. हिराजी पुढे आला. त्याने नऊ चरांवरून नजर फिरवली.

“मास्तर, नऊ पाट्या खनल्या. मीठ कुठं हाय?”

जवान हसले. गनमागून इनास म्हणाला, “मीठ ठेवा, हवालदारसाब. मीठ नसलं तं तो धावनार न्हाय.”

पुन्हा हसले. भेदरलेली प्लॅटून हसते आहे, हे मी पाहिले. मी लंगरातून, म्हणजे कंपनीच्या स्वयंपाकघरातून, करवंटीभर मीठ मागवले आणि नवव्या चरापलीकडे, उजव्या कडेला गोळ्यांच्या रेषेबाहेर ठेवले. प्रत्येकाने मूठभर मीठ उचलून बांधामागे आणायचे, म्हणजे तो शेवटपर्यंत गेला याची खूण राहील, असे जाहीर केले. मग हिराजीला समोर उभे करून हुकूम दिला. शब्द मला अजून जसेच्या तसे आठवतात.

“नववा चर ओलांड. मीठ उचल. उजवीकडे वळ. बांधामागे जा.”

“जी, हवालदारसाब.”

०७२० वाजता पहिली शिटी. हिराजी उत्तम धावला. फैर डोक्यावरून जात असताना तो चरात जमिनीला चिकटून राहिला आणि निशाण वर जाताच निवटीसारखा उसळून पुढे गेला. तिसऱ्या चरापाशी समोर कोणी नसताना त्याने डाव्या खांद्याची हुलकावणी दिली. मागच्या रांगेतून कोणीतरी शाबासकी दिली. कॅप्टनसाहेबांनी सिगारेट पेटवली.

त्याने नववा चर ओलांडला. तो पलीकडे पोहोचल्याचे मी पाहिले आणि लाल निशाण खाली केले.

इनासने फैर सोडली. त्याच क्षणी हिराजीने वाकून मीठ उचलले, मूठ मिटली आणि तो माघारी वळला. नववा चर त्याने उडी मारून ओलांडला. आठव्यापाशी उजवा खांदा झुकवून डावीकडून निघाला. निशाण वर करायला मला दोन सेकंद लागले. ब्रेनगन दोन सेकंदांत सुमारे पंधरा गोळ्या सोडते. तो सातव्या चरात पडला.

इनासने निशाण वर गेलेले पाहिले, बोट काढले, आणि मगच मैदानाकडे पाहिले. तो गनपासून उठून चालत गेला. धावला नाही. चरात उतरला, गुडघ्यावर बसला आणि हिराजीच्या खांद्याला त्याने हात लावला. मी पोहोचलो तेव्हा हिराजी जिवंत होता. त्याने इनासकडे पाहिले. ०७३१ वाजता तो गेला. मूठ मिटलेलीच होती. आम्ही ती उघडली नाही.

मागून कॅप्टनसाहेबांनी विचारले, “किसने बोला वापस आने को?”

०९०० वाजता उरलेल्या जवानांकडून तोच सराव पूर्ण करून घेण्यात आला. गनवर इनासऐवजी त्याचा मदतनीस, नंबर टू, होता. करवंटी मी काढून टाकली होती. सर्वजण उजवीकडे वळले.

चौकशी चौथ्या दिवशी झाली. मला तीन प्रश्न विचारले. माघारी येण्याचा हुकूम दिला होता का? नाही. उजवीकडे वळण्याचा हुकूम दिला होता का? होय. त्याने तो ऐकला होता का? होय, ‘जी’ म्हणाला. मीठ तिथे का होते, हे कोणी विचारले नाही. विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर द्यावे, हे मी वर्गात मुलांना वर्षानुवर्षे शिकवले होते. मी तेवढेच दिले.

इनासने खेळाचे सांगायला सुरुवात केली. सुभेदारसाहेब म्हणाले, “खेल की बात नहीं. गोली की बात बोलो.” मग त्याने फैर केव्हा सुरू झाली आणि केव्हा थांबली, एवढेच सांगितले.

निष्कर्ष असा लिहिला गेला: शिपायाने स्पष्ट हुकूम मोडला आणि स्वतःच्या मृत्यूस कारण झाला. माझे हुकूम नेमके आणि निःसंदिग्ध होते, असा वेगळा शेरा मिळाला.

हिराजीची आई आठवड्याने ठाण्याच्या फाटकावर आली. मोरव्याहून चालत आली होती. ती बसली नाही.

“त्यानं हुकूम मोरला, असं कागदावर हाय म्हनतात.”

मी म्हणालो, “त्याला उजवीकडे वळायला सांगितले होते.”

“तू मास्तर हायस. खोटं बोलनार न्हाईस. मीठ कुनी ठेवलं?”

मी म्हणालो, “मी.”

तिने मान हलवली, जणू हिशेब जुळला. “त्याला पहिल्यांदा पाटीवर मीच उभा केलता. चार वरसांचा होता. मीठ उचललं की मागं फिरायचं, हे मी त्याला शिकवलं. तू काय वेगलं सांगितलंस?” आणि उत्तराची वाट न पाहता ती निघाली.

कंपनी आघाडीवर गेली. इनास तिथे पडला. ठाण्यामागे कंपनीने पुढे मृतांच्या नावांची फळी लावली, तिच्यावर इनासचे नाव आहे. हिराजी गेल्यानंतर इनास पाटीवर कधी उभा राहिला नव्हता. एकदाच म्हणाला होता, की त्या दिवशी मी हिराजीला शिवलो असे धरायचे नाही, नळी बांधलेली होती. फळीवर हिराजीचे नाव नाही. हुकूम मोडून मेलेल्याचे नाव लावीत नाहीत. ते लावावे म्हणून मी निवृत्त होताना अर्ज केला. चौकशीचा निष्कर्ष बदलण्यास नवा पुरावा हवा, असे उत्तर आले. ते योग्यच होते.

पुरावा मी गोळा करू लागलो. मोरव्याच्या कोरड्या आगरात नऊ पाट्या आखल्या, पलीकडे मीठ ठेवले, आणि हिराजीबरोबर खेळलेल्या जुन्या गड्यांना एकेक करून तोच हुकूम, त्याच शब्दांत दिला. प्रत्येकजण ‘हो’ म्हणाला. पाचांपैकी चौघे मीठ उचलून माघारी वळले आणि मधेच थबकून माझ्याकडे पाहू लागले. पाचवा उजवीकडे वळला. पण तो हिराजीचा चुलतभाऊ होता, आणि मीठ त्याने उचललेच नाही.

परंतु पाटी मीच आखली होती आणि हुकूमही मीच दिला होता. या प्रकरणात माझ्या मोजमापावर विश्वास ठेवू नये. वाचकांना विनंती एवढीच. एखादा जुना गडी शोधा. नऊ पाट्या खणा, अकरा-अकरा फुटांवर. पलीकडे मूठभर मीठ ठेवा. मीठ उचलून माघारी वळू नकोस, असे त्याला स्वच्छ शब्दांत सांगा, आणि त्याच्याकडून ‘हो’ म्हणवून घ्या. मग बाजूला उभे राहून तो काय करतो ते स्वतः पाहा.