बसत्या मापाचे मिस्त्री

दस्तगीरमामांची आणि माझी पहिली भेट झाली, तेव्हा मी दुसऱ्याच माणसाशी बोलत होते. दौंडला रेल्वेलाइनच्या पलीकडे त्यांचे गॅरेज आहे. तिथे मी गेले तर एक टेम्पो उभा होता आणि त्याच्याखालून दोन पाय बाहेर आलेले होते. मिस्त्री कामात असतील असे समजून मी त्या पायांना सगळे सांगितले. मी शिरूरहून आले आहे, माझे यजमान सुरेशराव सात महिन्यांपूर्वी हृदयविकाराने गेले, त्यांची एक जुनी स्पोर्ट्स गाडी निमोण्याला शेडमध्ये ठोकळ्यांवर उभी आहे, तिचे मागचे काम अर्धे राहिले आहे, ते पुरे करून हवे आहे. पाय हलले नाहीत. माझ्या मागून आवाज आला, "बाई, तो टेम्पोचा डायवर हाय. सावलीला झोपलाय."

मामा हात पुसत उभे होते. मी ओशाळले आणि पहिल्यापासून सांगायला लागले. त्यांनी मला थांबवले. "त्याला सांगितलं ते मी ऐकलंय. परत नगा सांगू. गाडी कवा बघायची तेवढं बोला."

त्या दिवसांत बँकेत, तलाठ्याकडे, नातेवाइकांत, सगळीकडे मला तीच हकिकत पुन्हा पुन्हा सांगावी लागत होती. ती दुसऱ्यांदा सांगायला न लावणारे मला भेटलेले पहिले गृहस्थ म्हणजे दस्तगीरमामा.

मामांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत आणि त्यांच्या स्नेह्यांनी हा ग्रंथ काढायचे ठरवले, याचा मला आनंद आहे. माझे लिखाण मात्र तपासणीच्या अहवालांपुरतेच आहे. कारेगावजवळच्या एका कारखान्यात मी सव्वीस वर्षे गुणवत्ता विभागात काम करते. आलेला भाग मोजायचा, बसला तर पास, नाही तर परत. तेव्हा जे पाहिले आणि मोजले तेवढेच लिहिते.

गाडीबद्दल थोडे सांगावे लागेल. दोन माणसांची, उघड्या छताची, माझ्या वयापेक्षा मोठी अशी ती विलायती गाडी सुरेशरावांनी पुण्याहून अक्षरशः उचलून आणली होती. चार वर्षे खपून त्यांनी ती चालती केली. तिला मागे बैलगाडीच्या नात्यातले, एकावर एक पट्ट्या रचलेले लोखंडी पाटे होते. एकदा इनामगावच्या रस्त्यावर आम्ही दोघे बसलेले असताना त्यातला एक पाटा तुटला आणि आम्ही ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागे बांधून घरी आलो. त्यानंतर त्यांनी ठरवले, की पाटे काढून मागे कॉइलओव्हर बसवायचे. म्हणजे शॉकअपच्या नळीभोवतीच स्प्रिंग, आणि नळीला आटे पाडलेले. त्या आट्यांवरची कॉलर फिरवली, की गाडीची उंची कमी-जास्त करता येते. ऐकायला सोपे आहे. पण पाटे नुसते वजन पेलत नाहीत, मागचा अॅक्सल जागेवर धरूनही ठेवतात. ते काढले, की अॅक्सल धरायला दांडे लावावे लागतात, दांड्यांच्या टोकांना रबराच्या नळ्या, म्हणजे बुश, लागतात आणि स्प्रिंगचे वरचे टोक पेलायला चासीला नवे ब्रॅकेट जोडावे लागतात. सुरेशरावांनी पाटे काढले, एका बाजूचे ब्रॅकेट जोडले आणि काम तिथे थांबले.

माझे दीर सरळ माणूस आहेत. ते म्हणाले, "वैनी, शेड कांद्याला लागतंय. गाडी रस्त्यावर तरी आणा, न्हाईतर कुणाला तरी देऊन टाका." पुण्याचे एक गृहस्थ गाडी घ्यायला तयार होते, पण चालती हवी होती. मीही मनाशी तेच ठरवले होते. सुरेशरावांचे काम अर्धे ठेवून गाडी दुसऱ्याच्या हाती द्यायची नाही, पुरे करून द्यायची. मला मोटार चालवता येत असली, तरी ती चालवायचे माझ्या मनात कधीच आले नव्हते. माझी जागा डावीकडची.

मामा निमोण्याला आले ते बसने. शेडमध्ये शिरल्यावर त्यांनी गाडीकडे न बघता विचारले, "काढलेलं नट-बोल्ट कुठायत?" मी डबे दाखवले. प्रत्येक बोल्ट पुसून, तेल लावून, चिठ्ठी बांधून ठेवलेला होता. मामांनी एकेक चिठ्ठी वाचली. मग म्हणाले, "माणूस कामाचा व्हता." सुरेशराव गेल्यावर त्यांच्याबद्दल लोक बरेच चांगले बोलले. मला पटले ते हे तीन शब्द.

पण ह्याच मामांनी त्यांचे ब्रॅकेट कापले. गाडी टेम्पोवरून दौंडला आल्यावर त्यांनी हातोडीने त्या जोडावर दोन ठोके मारले आणि कान लावला. जोड कच्चा होता. मी म्हटले, "मामा, तेवढं एक राहू द्या. त्यांच्या हातचं आहे."

"आठवण घरात ठेवायची, ताई. चासीला न्हाई. हितं समदं वजन येतंय."

मला राग आला होता, हे मी इथे कबूल करते. मामांनी ब्रॅकेट कापले, कानशीने कडा घासून बोथट केल्या, फडक्याने पुसले आणि माझ्या हातात दिले. आज ते माझ्या टेबलावर कागदांवर ठेवायला आहे. नवे दोन्ही ब्रॅकेट त्यांनी जाड पत्र्याचे केले आणि वेल्डिंगनंतर मला म्हणाले, "तुम्ही तपासणीवाल्या ना, तपासा." मी भिंग घेऊन तपासले. एकही भोक सापडले नाही. सापडले असते तर मला जरा बरे वाटले असते.

ते दिवस रमजानचे होते. मामा रोजा धरून काम करत. मी शनिवारी गेले, की समोरच्या टपरीवरून माझ्यासाठी चहा यायचा. मी घेत नसे. तिसऱ्या शनिवारी ते गाडीखालच्या खड्ड्यातूनच ओरडले, "ताई, रोजा मी धरलाय. तुम्ही कशाला वाळताय?" तेव्हापासून मी चहा घेऊ लागले, पण त्यांच्याकडे पाठ करून. त्यावरही त्यांनी मला बोलून घेतले, "पाठ फिरवली म्हून वास थांबतोय व्हय?"

मामांची सगळी कारागिरी एका नियमावर उभी आहे. त्याला ते बसतं माप म्हणतात. गाडी जॅकवर लटकत असताना बुशचे बोल्ट आवळायचे नाहीत. लटकत्या गाडीत आवळले, की चाके जमिनीवर येताच रबराला पीळ बसतो आणि ते लवकर फाटते. आधी चाके जमिनीवर, मग चालवणाऱ्याच्या वजनाएवढा भार त्याच्या सीटवर, मग कॉलर फिरवून दोन्ही बाजू सारख्या, आणि सगळ्यात शेवटी खड्ड्यात उतरून बोल्ट. सव्वीस वर्षे मोजमापात काढून मला हे माहीत नव्हते. आमच्याकडे भाग टेबलावर मोजतात, ओझ्याखाली नाही.

ईदनंतरच्या शनिवारी ते दोन्ही कॉइलओव्हर बसवून तयार होते. त्यांनी विचारले, "वजन किती धरायचं?"

मी म्हटले, "ब्याऐंशी."

विचार करावा लागला नाही. मामांनी ओळखीच्या गुऱ्हाळावरून दहा दहा किलोच्या आठ गुळाच्या ढेपा आणवून ठेवलेल्या होत्या. त्या ड्रायव्हरच्या सीटवर रचल्या आणि वर दोन किलोचा खिळ्यांचा पुडा ठेवला. दीड तास काम चालले. दोन्ही मागच्या चाकांच्या कमानीपासून जमिनीपर्यंतचे अंतर मी मोजले. मिलिमीटरचाही फरक नव्हता. मामा खड्ड्यात उतरले, बोल्ट आवळले, वर आले, ढेपा उतरवल्या आणि म्हणाले, "बसा आन् एक चक्कर मारून या. तुमच्याच हातानं पास करा."

मी बसले. बसल्यावर सवयीने म्हटले, "मामा, परत एकदा टेप लावा." त्यांनी लावली. उजवी बाजू सात मिलिमीटर वर होती.

मामांनी पुन्हा मोजले. कॉलर बघितली. मग माझ्याकडे बघितले. "तुमचं वजन किती, ताई?"

"एक्कावन्न."

"मग ब्याऐंशी कुणाचं?"

ब्याऐंशी सुरेशरावांचे होते. स्टिअरिंग धरून मी समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. मामांना कळले. ते समोर पडलेल्या टायरवर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग ते म्हणाले, "चूक माझी हाय. मी वजन इचारलं, माणूस इचारला न्हाई."

पन्नास वर्षांहून जास्त काळ पाना धरलेल्या माणसाने हे म्हणायची गरज नव्हती. आकडा मी दिला होता. कारखान्यात अशा वेळी दोन विभाग आठवडाभर एकमेकांना पत्रे लिहितात.

थोड्या वेळाने ते अगदी साधेपणाने बोलले. "आता ऐका. गाडी पुण्याला द्यायची असंल तर हेच माप ऱ्हाऊ द्या. घेणारा बाप्या असाच ऐंशीच्या आसपास असंल. काय बिघडत न्हाई. पर तुम्ही चालवणार असाल तर मला समदं खोलून परत बांधावं लागंल. कोण चालवणार, तेवढं सांगा."

त्यांच्या आवाजात कुठे आग्रह नव्हता. दोन्ही कामे त्यांना सारखीच होती. मला मात्र पहिल्यांदाच कुणीतरी हा प्रश्न असा सरळ विचारला होता. दिरांनी विचारले होते गाडीचे काय करायचे. पुण्याच्या गृहस्थांनी विचारले होते कधी मिळेल. मी उजवीकडच्या सीटवर बसले होते, आणि बसल्याला आता दहा मिनिटे झाली होती.

मी म्हटले, "खोला."

"नक्की?"

"नक्की. मी चालवणार."

मामांनी टोपी घातली. या वेळी ढेपा लागल्या नाहीत. तो भार मीच होते. बोल्ट सैल करून, कॉलर फिरवून, पुन्हा आवळेपर्यंत दोन तास मी त्या सीटवर न हलता बसले. खालून त्यांचे बोलणे चालू होते. "ताई, जेवण झालंय का? झालं असंल तर ठीक, आता मधी काय खाऊ नगा, माप बिघडंल." मी हसले, तर लगेच आवाज आला, "हसू नगा, गाडी हलतीया. ढेपा बऱ्या व्हत्या, गप बसायच्या." इतके महिने मी घरात गप्पच होते. त्या दोन तासांत मी किती वेळा हसले ते मोजले नाही.

संध्याकाळच्या आत मी गाडी दौंडच्या बाहेर काढली, भीमेच्या पुलापर्यंत नेली आणि परत आणली. चार गतिरोधक लागले. पाट्यांच्या वेळी प्रत्येक गतिरोधक मणक्यात कळायचा. आता गाडी उठली, बसली आणि पुढे गेली. परत आल्यावर मामांनी एवढेच विचारले, "बसली का?" मी म्हटले, "बसली." पुढचे पंधरा दिवस गाडीत मुंग्या होत्या. त्याबद्दल तक्रार केली तर मामा म्हणाले, "त्यांचं वजन धरलं न्हाई, तेवढं माफ करा."

नंतर काही महिन्यांनी सर्व्हिसिंगला गेले, तेव्हा एक शेतकरी आपल्या जुन्या जीपचे पाटे बदलायला आले होते. मामांनी त्यांना वजन विचारले नाही. आधी विचारले, "आप्पा, गाडी कोण चालवणार? तुम्ही का पोरगी?" पंचाहत्तरीला आलेल्या कारागिराने कामाची पद्धत एका चुकीवरून बदलली, आणि ती चूक माझी होती हे आजवर कुणाला सांगितलेही नाही. म्हणून मी इथे लिहून ठेवते.

निमोण्याच्या शेडमध्ये आता कांदा आहे. गाडी शिरूरला माझ्या दारात असते आणि महिन्यातून एकदा मी ती दौंडला आणते. मामा मात्र अजून तिच्यात बसलेले नाहीत. म्हणतात, "मी बसलो तर डावी बाजू दबंल. बांधलेलं माप मी कशाला मोडू?"

दस्तगीरमामांना उदंड आयुष्य मिळो, त्यांचे गुडघे खड्ड्यात उतरण्याइतके आणि कान कच्चा जोड ओळखण्याइतके शाबूत राहोत, त्यांच्या घरात सुख नांदो, ही मी परमेश्वराकडे मनापासून प्रार्थना करते. गौरवसमारंभ संपल्यावर मंगल कार्यालयाच्या दारात मी गाडी घेऊन उभी राहणार आहे. मामांनी डावीकडच्या सीटवर बसावे, मी त्यांना घरी सोडीन. गाडी डावीकडे किती दबली, ते मी मोजणार नाही.