बाटली आधी भिंतीवर आली

बारामती ते इंदापूर या पट्ट्यातल्या कितीतरी भिंतींवर मी एका थंड पेयाची बाटली रंगवली, आणि तोवर त्या पेयाचा थेंबही माझ्या तोंडात गेला नव्हता. हे ऐकून नातवंडं हसतात. पण तेव्हा, म्हणजे पन्नासच्या दशकात, ते आमच्याकडं मिळतच नव्हतं. पुण्या-मुंबईचे लोक पितात, एवढंच ऐकून होतो.

बारामतीत मी पाट्या रंगवायचो. चित्रकलेच्या सरकारी परीक्षा पास झालो होतो. त्या जोरावर दुकानांची नावं, बैलगाड्यांच्या मागच्या फळ्या, तंबूतल्या सिनेमाचे फलक, येईल ते काम करायचो. एका वर्षी दिवाळी सरता सरता पुण्याहून एक एजंट जीप घेऊन माझ्या दारात आला. इस्त्रीची पँट, डोक्यावर हॅट आणि बोलणं भारी गोड. त्यानं मला कंपनीचं एक छापील चित्र दिलं, बाटलीचा आकार कळावा म्हणून एक रिकामी बाटली दिली आणि रस्त्याकडेच्या गावांत मोक्याच्या भिंती मिळवून हे चित्र काढायचं काम दिलं.

मी बाटलीच्या तोंडाला नाक लावलं. धुतलेल्या काचेचा वास आला, बाकी काही नाही.

"साहेब, हे लागतं कसं?" मी विचारलं.

"फर्स्ट क्लास," तो म्हणाला.

"म्हणजे आंबट, गोड?"

"अहो, कळेलच की. उन्हाळ्यात माल येईल."

"मग चित्र आत्ताच कशाला?"

"धंद्यात आधी नाव पोचवायचं, मग माल. लोकांनी आधी मागितलं पाहिजे." एवढं बोलून तो जीपमध्ये बसला.

चित्राखाली लिहायची ओळ त्यानं कागदावर दिली होती. मुंबईच्या ऑफिसातून आलेली ओळ होती ती: 'एक घोट, जीव गार!' तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. अक्षरं थोडी होती, भिंतीवर मोठी काढता येणार होती, यातच मी खूश.

लासुर्ण्याच्या अलीकडं रस्त्याला लागून एक घर होतं. समोर कडुलिंबाचं झाड, त्याखाली एस.टी. थांबायची. उसाच्या गाड्या घेऊन कारखान्याकडं जाणारे गाडीवानही तिथंच बैल सोडायचे. इतकी मोक्याची भिंत दुसरी नव्हती. घरात एक बाई एकटीच होती, पन्नाशीच्या आतबाहेरची. तिचा नवरा मेंढरं घेऊन आठ दिवसांपूर्वीच कोकणात उतरला होता. मेंढपाळांचा तो दर वर्षीचा रिवाज. हिवाळा-उन्हाळा तिकडं काढायचा आणि पावसाच्या तोंडाला परत यायचं. बाई मागं राहून म्हैस आणि कालव्याखालचा जमिनीचा तुकडा बघायची.

"मावशी, भिंत फुकटात चुन्यानं रंगवून देतो. वर एक चित्र काढतो," मी म्हणालो.

"कुणाचं? देवाचं?"

"नाही. बाटलीचं."

तिनं माझ्याकडं नीट बघितलं. "औषिदाची का?"

"प्यायची. सरबतासारखं काहीतरी असतं."

"काहीतरी म्हंजी?"

मी रिकामी बाटली तिच्यापुढं धरली. तिनंही ती हुंगून परत दिली. पण चुना मिळतोय म्हटल्यावर ती तयार झाली. पहिल्या दिवशी भिंत पांढरी केली. दुसऱ्या दिवशी अळशीच्या तेलात रंग कालवून माणसाएवढी बाटली उभी केली. नारिंगी रंग छापील चित्रावरून जुळवला आणि खाली ठसठशीत ओळ लिहिली. दुपारपर्यंत भोवती गर्दी जमली. आणि संध्याकाळी गावचे पोलीस पाटील आले.

ते दारूबंदीचे दिवस होते. उसाच्या रानात हातभट्ट्या लपलेल्या असायच्या, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तेव्हा भर रस्त्यावर बाटली बघून पाटील बिथरले तर नवल नव्हतं.

"ह्ये काय मांडलंय?" त्यांनी विचारलं.

"पाटील, कंपनीची जाहिरात आहे. साधं थंड पेय."

"तू पिऊन बघितलंय?"

"नाही."

"मग साधं हाय ह्ये तुला कुणी सांगितलं?"

एका पोरानं ओळ मोठ्यानं वाचून दाखवली, तसे पाटील आणखी भडकले. "एक घोट आन् जीव गार? अरं, माणूस मेला की आमी म्हणतो, गार पडला! ह्ये सरबत हाय का विख?"

गर्दी खो खो हसली. मावशीही पदर तोंडाला लावून हसत होती. मी मात्र मनात मागच्या भिंती मोजत होतो, कारण बारामतीपासून इथवर मी हीच ओळ लिहीत आलो होतो.

"आता काय करू, पाटील?"

"त्यो जीव तेवढा काढ."

मी चुन्याचा हात मारून 'जीव' पुसला. राहिलं, 'एक घोट, गार!' पाटलांनी ते दोनदा म्हणून बघितलं आणि मान डोलावून निघून गेले. पुढं अंथुर्ण्यापासून सगळीकडं मी तसंच लिहिलं. नंतर एजंट तपासणीला आला, तेव्हा मी घडलेलं सगळं सांगून टाकलं. तो रागावेल असं वाटलं होतं. तो भिंतीवरची ओळ वाचून आला आणि म्हणाला, "मागच्याही भिंतींवरचा जीव पुसून टाका. मुंबईला कळवतो मी." मुंबईनं पुढं काय केलं, ते मला कधी कळलं नाही.

'तू पिऊन बघितलंय?' हा पाटलांचा प्रश्न मात्र माझ्या डोक्यात राहिला. बारामतीत मी जो भेटेल त्याला त्या पेयाबद्दल विचारायला लागलो. गोळी सोडा विकणारा म्हणाला, "आमचाच सोडा, रंग घालून." पुण्याला शिकणारा एक कॉलेजकुमार म्हणाला, "संत्र्याचा रस." त्यालाच पुन्हा विचारलं, तर कबूल झाला की त्यानंही फक्त पाटी बघितली होती.

फाल्गुनात ऊन तापलं आणि भिंतीचा रंग कुठं कुठं पोपडा धरतोय असा निरोप आला, म्हणून मी लासुर्ण्याला गेलो. बघतो तर बाटलीच्या चित्राखाली ओल्या फडक्यानं गुंडाळलेला मातीचा डेरा, पितळी पेले आणि शेजारी मावशी. एस.टी. थांबली की लोक उतरून तिच्याकडंच येत होते.

"हे कधीपासून, मावशी?"

"तुझ्या चित्रापायी," ती म्हणाली. "जो उतरंल त्यो इचारतोय, बाटली द्या. बाटली कुठनं देऊ मी? पन तहानेल्या माणसाला न्हाय तरी कसं म्हणू? म्हटलं, बाटली यायची हाय, तवर ताक प्या."

म्हशीचं ताक, त्यात मीठ आणि ठेचलेलं जिरं. सुरुवातीला तिनं फुकट पाजलं, मग लोकच पेल्याशेजारी चार पैसे ठेवायला लागले. गंमत म्हणजे आसपासच्या गावांत त्या ताकाला कंपनीच्याच नावानं ओळखायला लागले होते. माझ्यासमोर एका गाडीवानानं ते नाव घेऊन ताक मागितलं, पिऊन मिशा पुसल्या आणि म्हणाला, "झ्याक हाय कंपनीचं."

चैत्रात एकदाचा माल आला. एजंटनं मलाही जीपमध्ये घेतलं. मागं बाटल्यांची खोकी आणि भुशात पुरलेला बर्फ गोणपाटात बांधलेला. लासुर्ण्यात थांबलो तेव्हा मावशीनं निरोप धाडून पाटलांना बोलावून घेतलं. "आधी तुमी प्या," तिनं त्यांना बजावलं, "मग आमी."

एजंटनं बूच उडवलं. फस्स आवाज झाला आणि पाटील एक पाऊल मागं सरले. मग त्यांनी बाटली हातात घेतली, हुंगली, उजेडात धरली आणि जपून एक घोट घेतला. सगळे त्यांच्या तोंडाकडं बघत होते.

"काय पाटील?"

पाटलांनी उत्तराऐवजी मोठा ढेकर दिला. "दारू न्हाय," ते म्हणाले, आणि उरलेली बाटली कुणालाही न देता संपवली.

मावशीनं घोट घेतला आणि नाक दाबून धरलं. "बया! नाकात मुंग्या गेल्या की." पण दुसरा घोट तिनं लगेच घेतला.

मग माझी बाटली. इतके महिने जे मनात चाखत होतो, त्यातलं ते काहीच नव्हतं. संत्र्यासारखं म्हणावं तर संत्र्याचा आंबटपणा नव्हता. गोडी जिभेवर टेकते न टेकते तोच टोचणी लागायची. चांगलं होतं का, ते मला पहिल्या घोटाला ठरवता आलं नाही, दुसऱ्यालाही नाही. पण डोळ्यांना एक गोष्ट दिसली आणि मी पिणंच विसरलो. बाटलीच्या तळापासून बारीक बुडबुडे माळेसारखे वर चढत होते. गोळी सोड्याच्या जाड हिरव्या बाटलीत ते कधी इतके स्वच्छ दिसले नव्हते. ते येतात कुठून, संपत का नाहीत, मी एजंटला विचारत सुटलो. तो म्हणाला, "गॅस," आणि पुढं त्यालाही माहीत नव्हतं. मी पिशवीतून ब्रश काढला आणि भिंतीवरच्या बाटलीत पांढरे बुडबुडे घातले.

जायच्या आधी एजंट मावशीला म्हणाला, "बाई, आता ताक बंद करा. आमच्या चित्राखाली आमचाच माल पाहिजे."

"भित माझी हाय न्हवं?" मावशी म्हणाली. "दोन्ही ठेवीन. ज्याला जे पायजे त्ये त्यो पिईल."

आणि तसंच चाललं. नवी जोडपी, शाळामास्तर, शर्ट-पँटवाले बाटली घ्यायचे. गाडीवान आणि मजूर ताक. बर्फ रोज कुठला मिळायला? त्यावर मावशीनं युक्ती काढली. बाटल्या गोणीत भरायच्या, गोणीला सोल, म्हणजे जाड दोर, बांधायचा आणि ती कालव्यात सोडून ठेवायची. गिऱ्हाईक आलं की ती कालव्यावर जाऊन गोणी ओढायची.

ज्येष्ठात मावशीचा नवरा परतला. मी योगायोगानं तिथंच होतो, भिंतीची डागडुजी करत. मेंढरं मागं सोडून तो एकटाच पुढं आला आणि घरासमोर उभा राहिला. दारात यायचंच नाव घेईना. मावशी बाहेर आली तसा म्हणाला, "मला वाटलं वाट चुकली."

तिनं त्याला बसवलं, पाणी दिलं. मग त्यानं सांगितलं. कोकणात एका बाजाराच्या गावी त्यानं भिंतीवर हीच बाटली बघितली होती. वाचता येत नव्हतं, पण चित्र ध्यानात राहिलं. परत येताना घाटाखाली पुन्हा दिसली, बारामतीच्या वाटेवर दिसली, आणि आता स्वतःच्याच घरावर.

"म्हंजी तू माझ्या म्होरं चालला हुतास का मागं?" त्यानं मला विचारलं.

"मी कोकण बघितलेलं नाही, तात्या. तिकडं दुसऱ्या कुणीतरी काढलं असेल. छापील चित्र सगळ्यांना एकच देतात."

"मग तुमी एकमेकांस्नी वळखत न्हाय?"

"नाही."

त्याला ते पटेना. मलाही ते तेव्हाच पहिल्यांदा जाणवलं, की माझ्यासारखे आणखी किती जण, कुठल्या कुठल्या गावांत, शिडीवर चढून हीच बाटली काढत असतील. मी त्याला खोदून खोदून विचारायला लागलो. तिकडची बाटली केवढी होती? नारिंगी रंग असाच होता का? मेंढक्याची नजर तयार असते. तो डोळे मिटून बसला आणि म्हणाला, "तितल्या बाटलीवर पान्याचं थेंब हुतं. भाईरनं. जणू आताच पान्यातनं काढलीया."

छापील चित्रात थेंब नव्हते. म्हणजे त्या कोकणातल्या रंगाऱ्यानं ते स्वतःच्या मनानं घातले होते. मी उठून रंगाचा डबा उघडला, ब्रश बुडवला आणि तिथंच अडलो. थेंब कसा काढायचा, तेच मला येत नव्हतं.

मावशी कालव्यावर गेली आणि ओली बाटली आणून माझ्यापुढं दगडावर ठेवली. मी एक थेंब नीट निरखला आणि ब्रश उचलला, तोवर उन्हानं तो सुकून गेला. तिनं बाटली पुन्हा बुडवून आणली. संध्याकाळपर्यंत ती आणि तात्या आळीपाळीनं कालव्यावर जात राहिले.