रोज्यांत जागी झालेली नाजिश

अमडापूरला आमच्या जिनिंगच्या फाटकासमोर खुर्शीदभाईंचं गाद्यांचं दुकान आहे. घराणं पिंजाऱ्यांचं. आजोबांची धनुकली जाऊन पिंजायचं यंत्र आलं, पण गादीला टाके अजून हातानंच पडतात, आणि ते त्यांची मुलगी नाजिश घालते. मी जिनिंगमध्ये हिशेब बघतो. दुपारचा चहा मात्र त्यांच्याकडे, कारण तिथं बसायला गादी मिळते.

नाजिश नऊ वर्षांची असताना तिच्या मानेत गाठ आली. कॅन्सर निघाला. मुंबईला औषधं झाली, मानेला रेडिएशनचे शेक दिले, आणि पोरगी बरी होऊन परत आली. विषय संपला, असं घरानं आणि गावानंही धरलं.

एकोणिसाव्या वर्षी तिला झोप यायला लागली. टाका घालता घालता सुई हातात राहायची आणि मान खाली जायची. आश्विनाच्या उन्हात अंगावर शाल, चेहरा सुजल्यासारखा, आवाज घोगरा. गिऱ्हाइकं म्हणत, "खुर्शीदभाई, माल मऊ दिसते बा, इकनारेच झोपून राह्यले."

चिखलीच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. लहानपणीच्या शेकांमुळे गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी मंदावली होती. बऱ्या झालेल्या मुलांना असं पुढे कितीतरी वर्षांनी होतं, कॅन्सर परतलेला नाही, असं त्यांनी नीट समजावलं. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी, जन्मभर. तिच्या आईनं, मुबीनाभाभींनी, गोळी देण्याचं काम स्वतःकडे घेतलं. डॉक्टरीणबाईंनी दोनदा गोळीची ताकद वाढवली, तरी वर्षभर नाजिशचं पेंगणं काही कमी झालं नाही.

इकडे खुर्शीदभाईंचे गुडघे बोलायला लागले होते. त्यांनी जाहीर केलं, ईद झाली की दुसरबीडहून पुतण्या फहीमला आणायचं आणि दुकान त्याच्या हाती द्यायचं.

"अब्बा, दुकान मले पाह्यजे," नाजिश म्हणाली.

"दुकान पाह्यजे का झोपाले जागा पाह्यजे?"

तिनं खाली पडलेली सुई उचलली आणि पुढचा टाका घातला.

ते साल २००४. नव्या बीटी बियाण्याचा पहिला बहर होता. कुणी खरी पाकिटं पेरली, कुणी स्वस्तातली बनावट. पाऊस मधेच दडून बसला, त्यानं दोघांनाही सारखंच वागवलं. असल्या साली नवी गादी कोणी करत नाही. लोक जुन्याच गाद्या पिंजून घ्यायला आणतात. त्यातच रमजान लागला. चार वाजले की अख्खी गल्ली मलूल व्हायची.

तिसऱ्या आठवड्यात सुलतानपूरचे भगवानराव जुनी गादी घेऊन आले. आत थोडा नवा कापूस भरायचा होता.

"पोरी, हा बीटीचा कापूस. याच्यानं अळी मरते म्हंतेत. मंग याच्या गादीत ढेकून मरन का?"

"ढेकून नाई मरत, काका," नाजिश मान वर न करता म्हणाली. "बोंडअळी मरते. तुमच्या गादीत बोंडअळी असन तर सांगा."

माझा टपरीवरून आणलेला चहा सांडला. वर्षभरात तिनं कोणाला उलट उत्तर दिलं नव्हतं. खुर्शीदभाई यंत्र बंद करून बघत राहिले. तिच्या अंगावर शाल नव्हती. रांगेतले टाके दोरीनं आखल्यासारखे सरळ होते.

"सारे रोजेदार लोळून राह्यले आन् हे उठून बसली," ते म्हणाले.

"रोज्याची बरकत हाय," मुबीनाभाभी म्हणाल्या. ईदेनंतरही तिला रोजे धरायला लावायचं त्यांनी मनात पक्कं केलं होतं.

पुढचं त्यांनीच मला हसत हसत सांगितलं. ईदेनंतर दोघी मायलेकी चिखलीला गेल्या. रक्त पाहून डॉक्टरीणबाई खूश झाल्या. "काय बदललं?"

"रोजे," भाभी म्हणाल्या.

"गोळी कधी घेत होतीस?"

नाजिशनं सांगितलं, "पहाटी रोज्याआधीच्या खान्याच्या, सहेरीच्या रोट्या मीच लाटतो. उठलो का चुलीजवळच पान्यासंगं गिळून घ्यायचो. साऱ्याइचं खानं व्हायले मंग तासभर लागे."

"आणि एरवी?"

"एरवी मी देतो, माह्या हातानं," भाभी अभिमानानं म्हणाल्या. "गोळी गरम पडते ना, म्हून पेलाभर म्हशीच्या दुधासंगं. सहेरीले दूध कुठचं? रातचं इरजनाले जाते, आन् म्हैस उजाडल्याबिगर धार देत नाई."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "मी उपाशीपोटी सांगितलं होतं."

"दूध म्हंजे काई जेवन हाय का, बाई?"

दुधासोबत ही गोळी अंगाला नीट लागत नाही, हे मग त्यांना कळलं. गोळीची ताकदही कमी करून मिळाली.

"वर्सभर मंग गोळी कोनाले लागली?" भाभींनी बाहेर येऊन विचारलं.

"म्हशीले," नाजिश म्हणाली. "तिची झोप पाह्यली नाई का कशी उडाली?"

ठरल्याप्रमाणे फहीम ट्रंक घेऊन आला. पोरगा सरळ, कष्टाळू, पण प्रवासानं दमलेला. दुपारी गाद्यांच्या थप्पीवर टेकला आणि घोरायला लागला. खुर्शीदभाई त्याच्याकडे बघत उभे होते.

"अब्बा, याचं बी रक्त तपासून आना," नाजिश म्हणाली.

खुर्शीदभाई हसले नाहीत. कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढून त्यांनी तिच्या मांडीवर ठेवला आणि नमाजाला निघून गेले. फहीमला यंत्र मिळालं, आणि त्याचे गुडघे चांगले असल्यामुळे त्यात सगळ्यांचंच भलं झालं.

दूध अजून येतं. भाभी उन्हं दुकानाच्या पायरीवर आली की पेला घेऊन येतात, त्याआधी नाही.

परवा मी नेहमीसारखा चहा घेऊन टेकलो, तर समोर नाजिश सुई ओवून उभी.

"दिवाणजी, उठा. त्या गादीले टाके घालाचे हायेत."

मी उठलो. आता चहा उभ्यानं घेतो.