घरची गाठ

कावेरीबाई गाठ मारत नसे. भाकरी शेतात न्यायची तर फडकं चारही बाजूंनी दुमडून ती वर पालथी थाळी ठेवी आणि तसंच डोक्यावर घेऊन चालू लागे. शेळ्यांना तिच्याकडे दावं नव्हतं. बोराट्यांच्या कुपाटीत त्या मोकळ्याच कोंडलेल्या असत. सरपण ती मोळी करून आणत नसे, हाऱ्यात घालून आणी. लोह्याहून माळेगावला जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत तिचं गाव. गावाला तिची थट्टा करायला हे पुरेसं होतं. लग्नात उपरण्या-शालूची गाठ मारायची वेळ आली की कुणीतरी हमखास ओरडे, "कावेरीबाईला बलवा की!" आणि मांडव हसे. दुसऱ्याच्या दुखण्यावर हसायला गावाला फार कष्ट पडत नाहीत.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं. तिनं मारलेल्या एका गाठीनं तिच्या नवऱ्याचा जीव घेतला होता. ती स्वतःच तसं सांगे, विचारलं तर आणि कधी कधी न विचारताही.

नवरा देविदास चाबूकस्वार होता. चाबूकस्वार म्हणजे नुसता चाबूक ओढणारा नव्हे. बुजऱ्या, अंगावर माशी बसू न देणाऱ्या घोड्याला माणसाची सवय लावणारा. माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. व्यापारी आपली कोरी शिंगरं दिवाळीआधीच देविदासच्या दारात आणून बांधत आणि जत्रेच्या तोंडावर ती शहाणी झालेली घेऊन जात. तसलं जनावर स्वाराला सुखानं बसू देत नाही. ते त्याला बाभळीला घासतं, भिंतीला चेपतं, मान वळवून मांडीला चावतं. म्हणून देविदास म्हशीच्या कातड्याची विजार घाली. नावालाच विजार. मांडीपासून घोट्यापर्यंत दोन चामडी नळ्या, बैठकीला उघड्या, वर कमरेला पट्टा, आणि पट्ट्याची दोन टोकं पाठीमागं बांधायची. पुढं बांधली तर गाठ खोगिरात अडकते.

पाठीमागची गाठ स्वाराला स्वतःला आवळता येत नाही, म्हणून ती घरच्या बाईनं मारायची. गाठ साधी सरगाठ; लोंबणारं टोक एकदा ओढलं की सुटावी अशी. पण ते टोक स्वारानं ओढायचं नाही, हा त्यांच्या घरातला पिढ्यान्‌पिढ्यांचा नेम. घरी बसलेली गाठ घरीच सुटली पाहिजे, मग माणूस घरी येतोच, अशी समजूत. देविदास बाकी देवाधर्माचा माणूस नव्हता, पण हा नेम त्यानं कधी मोडला नाही. दुपारी घामानं निथळत तो यायचा, दारात पाठ करून उभा राहायचा आणि म्हणायचा, "कावेरे, सोड." ती पिठाच्या हातानंच टोक ओढायची. चारचौघांत बायकोशी शब्द न बोलणारा तो माणूस रोज असा तिच्यासमोर पाठमोरा उभा राहायचा, आणि कावेरीबाईला त्या उभं राहण्यात सगळं मिळायचं. सासरच्या साऱ्या दिवसांत तिला तेवढी एक वेळ फार आवडायची.

मग बहात्तर साली पाऊस गेला. खडी फोडायला सगळं गाव गेलं, विहिरी तळाला गेल्या, आणि माणसांच्या अंगावरचं मांस उतरलं. देविदासला तर कंबरच उरली नाही. एका व्यापाऱ्यानं त्याच्याकडे एक काळी घोडी ठेवली होती, तापट आणि तहानेली. त्या सकाळी विजार बांधून तो अंगणात गेला आणि पट्टा घसरला म्हणून परत आला. कावेरीबाईनं पुन्हा बांधली. तो घोडीपर्यंत जाऊन पुन्हा आला. आता ती वैतागली. चुलीवर नुसतं आंबिलीचं पाणी होतं, आठ वर्षांचं पोर भुकेनं रडत होतं.

"थांबा, आता निरगाठच मारते," ती म्हणाली. "बघू कशी घसरती."

त्याच्या पाठीला गुडघा लावून तिनं सगळा जीव काढून पट्टा आवळला. तो हसला. "सोडताना दात लागतेन तुला," एवढं बोलून तो गेला.

मन्याड नदी कोरडीठाक होती, फक्त एका वळणावर डोहाचं थोडं हिरवं पाणी उरलं होतं. घोडीला त्याचा वास आला. लगाम दातात धरून ती सुसाट निघाली आणि स्वारासकट डोहात शिरली. घोडी धडपडून बाहेर आली. देविदास आत पडला, उभा राहिला, आणि खालच्या गाळात रुतला. विजारीच्या दोन्ही नळ्या गाळानं भरल्या. पलीकडच्या काठावर एक धनगर मेंढरं घेऊन बसला होता, त्यानं हे पाहिलं. पट्टा सुटला असता तर विजार गाळात राहिली असती आणि माणूस वर आला असता, हे त्यानंच नंतर सांगितलं. तो म्हणाला, "वरडला न्हाई गडी. एकदा हात मागं नेला कमरंला. मंग परत समोर आणला. मी दोर घेऊन येईस्तोवर पानी डोस्क्यावरून गेलं व्हतं."

ज्या वर्षी प्यायला पाणी नव्हतं त्या वर्षी तो पाण्यात बुडून मेला. लोकांनी पट्टा गाठीशेजारी कापून त्याला बाहेर ओढलं आणि ती विजार, कापलेल्या पट्ट्यातल्या गाठीसकट, कावेरीबाईच्या ओसरीवर आणून टाकली. हात मागं नेला, गाठ सुटली नाही, निरगाठ होती. सगळ्यांचा हिशेब जुळला. तिचाही.

ती विजार तिनं खुंटीला अडकवली. वापरून वापरून कातड्यानं देविदासच्या पायांचा आकार घेतला होता. खुंटीवरही गुडघे जरासे वाकलेलेच, रिकिबीत पाय टाकायला निघाल्यासारखे. उन्हाळ्यात कातडं आकसलं की ते गुडघे आणखी वाकत. पावसाळ्यात ओल धरून सैल पडत, आणि मग विजार हळूहळू भिंतीकडे फिरे. पाठ करून उभी राही. कावेरीबाई पीठ मळता मळता वर बघायची आणि तिचे हात थांबायचे. कधी भर दुपारी कातडं करकरायचं. पोरगा मल्हारी म्हणायचा, "माय, उंदीर हाय." ती म्हणायची, "हाव, उंदीरच." पण तिला ऐकू येई ते वेगळंच. तिला कुणीतरी सोड म्हणत होतं, आणि तिच्या हातून सुटत नव्हतं. शेजारच्या पंचफुलाबाईनं कितीदा सांगितलं की ते कातडं नदीत फेकून दे. नदीत? कावेरीबाईच्या अंगावर काटा यायचा. एकदा नदीतून आलेलं परत नदीत कसं टाकायचं?

दहा वर्षं अशी गेली. मल्हारीला घोड्यापासून दूर ठेवायला तिनं होतं नव्हतं ते केलं. त्याला किराणा दुकानात लावलं, एसटीत चिकटवायला बघितलं. पण रक्तातलं कुठं जातं? जत्रेत जाऊन तो घोड्यांच्या पायांत वावरायचा, आणि मिसरूड फुटेपर्यंत माळेगावचे व्यापारी त्याला 'देविदासचा' म्हणून ओळखू लागले.

लातूर जिल्हा नवा झाला त्या पावसाळ्यात तिथले डाळमिलवाले गुरुबसप्पा जीप घेऊन दारात आले. कपाळाला भस्म, अंगात स्वच्छ पांढरा सदरा, माणूस गोड बोलणारा. माळेगावात त्यांनी एक पांढरा घोडा घेतला होता आणि नव्या जिल्ह्याच्या मिरवणुकीत तो पुढं चालवायची त्यांची हौस होती. घोडा मात्र कुणाला जवळ येऊ देत नव्हता. दोघांना त्यानं गिरणीच्या भिंतीला चेपलं होतं.

"कावेरीबाई, तुमचा लेक द्या महिनाभर," ते म्हणाले. "पायाला काही होऊ नये म्हणून मी लातुरातून चांगल्या दोन विजारी करून आणल्यात. आवडंल ती ठेवा."

मल्हारीनं दोन्ही अंगणात मांडल्या. एक बकऱ्याच्या कातड्याची, मऊसूत, बाजूला चेन. दुसरी जाड, पुढं पितळी बक्कल. बक्कल बघून कावेरीबाईचा जीव भांड्यात पडला. गाठच नको. ती पुढं झाली आणि दहा वर्षांत पहिल्यांदा घोड्याच्या कामात तोंड घातलं.

"ही जाडी घे."

मल्हारीनं ती चढवली, कुपाटीजवळच्या बुटक्या भिंतीवर दोन्हीकडे पाय टाकून बसला. गुडघा वाकला तशी विजार सरकून नडगीच्या वर आली आणि बक्कल पोटात रुतलं. उभ्यानं मोजून शिवली होती. बसल्यावर कातडं वर चढतं, ते चार बोटं जास्तच ठेवावं लागतं, हे शिवणाऱ्याला कुणी सांगितलं नव्हतं. बकऱ्याची लांबीला बसली, पण भिंतीला मांडी घासताच तिला ओरखडा उठला. कावेरीबाईला दोन्ही दोष बसल्या जागी दिसले आणि तिनं दोन्ही गिळले.

"जाडीच बरी हाय," ती पुन्हा म्हणाली.

मल्हारीची नजर दारातून आत, खुंटीवर गेली. "माय, बाची दे."

"न्हाई."

गुरुबसप्पा शहाणे, त्यांनी ओळखलं. "सकाळी जीप येईल," म्हणून ते उठले.

संध्याकाळी चुलीजवळ मल्हारी म्हणाला, "मी त्या बक्कलवालीनं जाईन, पन नडगी उघडी राहून राहिली. भिंतीला चेपलं तर हाड राहत न्हाई." मग त्यानं हळूच जोडलं, "तुला गाठ मारायची नसंल तर पंचफुलाकाकू मारंल."

हे तिला लागलं. पोरगा वाईट बोलला नव्हता, म्हणून जास्तच लागलं. पोराच्या पाठीची गाठ शेजारीण मारणार! ती ताडकन उठली आणि दहा वर्षांत जिला बोट लावलं नव्हतं ती विजार खुंटीवरून काढून मांडीवर घेतली. कातडं लाकडासारखं झालं होतं. तिनं एरंडेल कोमट केलं आणि चोळायला बसली. गुडघ्यांना चोळलं तेव्हा तिला रडू आलं, आणि तिनं ते येऊ दिलं.

गाठ सगळ्यात शेवटी घेतली. वाळून ती सुपारीएवढी घट्ट झाली होती. "दाभणानं उचकट," मल्हारी म्हणाला. पण तिनं तेल मुरू दिलं, अंगठ्यानं चोळत राहिली. सकाळी उजाडलं तेव्हा कातडं लवलं होतं. ती गाठ नीट बघायला तिनं दारात उजेडाला आणली, आणि गाठीतून बाहेर आलेलं टोक चिमटीत धरून सहज ओढलं.

गाठ सुटली.

कावेरीबाई उंबऱ्यावर बसली. निरगाठ अशी सुटत नाही. निरगाठीला दात लागतात. ती तोंडानं निरगाठ म्हणाली होती, वैतागून जोर लावला होता, पण हातांनी रोजची सरगाठच मारली होती. इतक्या वर्षांची सवय हातांनी मोडलीच नव्हती.

म्हणजे तिनं त्याला मारलं नव्हतं. हे मनात आलं, पण हायसं वाटायच्या आधीच तिला तो धनगर आठवला. एकदा हात मागं नेला कमरंला. मंग परत समोर आणला. टोक त्याच्या हाताशीच होतं. एक हिसका, आणि तो वर आला असता. त्यानं ते धरलंही असेल. मग सोडून दिलं. घरची गाठ घरी सुटायची होती, आणि सोडणारी तिकडं चुलीपाशी होती.

"येडं माणूस," ती म्हणाली. "येडं माणूस गं बाई." मल्हारी जवळ आला, सुटलेला पट्टा बघितला आणि तिच्याशेजारी बसला.

जीप आली तोवर तिनं कापलेल्या पट्ट्याला नवा तुकडा शिवला होता. मल्हारीनं विजार चढवली. बापाच्या गुडघ्यात त्याचे गुडघे नेमके बसले. तो तिच्याकडे पाठ करून उभा राहिला आणि कावेरीबाईचे हात जागीच थिजले; तीच पाठ, तसंच मान किंचित खाली घालून उभं राहणं. तिनं डोळे पुसले, पट्टा आवळला आणि सरगाठ मारली. टोक मात्र पाठीवर लोंबू दिलं नाही. कुशीवरून पुढं घेऊन त्याच्या उजव्या हाताशी आणलं.

"सोड," ती म्हणाली.

"मी? माय, घरची गाठ—"

"सोड म्हणते ना."

त्यानं बिचकत टोक ओढलं. विजार खाली घसरली, जीपचा ड्रायव्हर हसला. कावेरीबाईनं तिकडं बघितलंही नाही. तिनं पुन्हा बांधली, पुन्हा सोड म्हणाली. त्यानं पुन्हा सोडली. असं बराच वेळ चाललं. गुरुबसप्पा गाडीत बसून बघत होते. शेवटी मल्हारीचा हात तिनं म्हणायच्या आधीच टोकाकडे जाऊ लागला, तेव्हा तिनं तो मनगटाशी धरला.

"तिकडं गाठ कुणी का मारंना, टोक असंच पुढं घ्यायचं. गाळ असो, पानी असो, घोडं असो, पैला हात हितं. ऐकून राहिला का?" ती म्हणाली. "माझी वाट बघायची न्हाई."